सूक्ष्म-आरएनएचे संगणकीय भाकीत आणि विदर्भातील सिकलसेल : एक चिकित्सा

प्रस्तावना

सूक्ष्म-आरएनए अर्थात मायक्रोआरएनए हा विषय गेल्या दोन दशकांत प्रयोगशाळेतून संगणकाच्या पडद्यावर आला. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या गटांनी एका सूक्ष्म कृमीतील लिन-४ हे जनुक कोणतेही प्रथिन न बनविता लिन-१४ या दुसऱ्या जनुकाचे कार्य कसे रोखते, हे दाखविले. त्यावेळी हा प्रकार त्या कृमीपुरता असावा अशीच समजूत झाली. २००० मध्ये लेट-७ चा शोध लागला आणि ते कृमीपासून मानवापर्यंत जवळजवळ जसेच्या तसे टिकून असल्याचे आढळले, तेव्हा ही समजूत मागे पडली. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात मिर-१५ए व मिर-१६-१ ही जनुके असलेला तेराव्या गुणसूत्राचा तुकडा वारंवार गळालेला असतो, हे निदर्शनास आणले. येथून मानवी रोग आणि सूक्ष्म-आरएनए यांचा संबंध शोधण्याची लाटच आली. अँब्रोस व रुवकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्याने या विषयाला प्रतिष्ठाही लाभली.

या लाटेतील फार मोठा भाग संगणकीय आहे. कोणता सूक्ष्म-आरएनए कोणत्या जनुकावर परिणाम करील याचे भाकीत संगणकप्रणालीने करावयाचे, त्या जनुकांची यादी करावयाची, यादीवरून रोगाशी संबंध जोडावयाचा, अशी या अभ्यासाची रूढ पद्धत आहे. ही पद्धत किती विश्वसनीय आहे आणि विदर्भात ज्या रोगाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले जाते त्या सिकलसेलच्या बाबतीत तिच्यापासून काय हाती लागते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

सिकलसेलची निवड सहेतुक आहे. या रोगाचे मूळ कारण जनुकशास्त्रात सर्वांत स्वच्छपणे कळलेल्या कारणांपैकी एक होय. बीटा-ग्लोबिन जनुकातील एक अक्षर बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. दोष सर्व रुग्णांत हाच असतो. तरीही एक रुग्ण वर्षातून अनेकदा असह्य वेदनांनी दवाखान्यात दाखल होतो, तर दुसरा चाळिशीपर्यंत शेतात राबतो. एकाच दोषाचे इतके भिन्न परिणाम का, हा प्रश्न शेवटी जनुक-नियमनाचा आहे. म्हणूनच सूक्ष्म-आरएनएचे अभ्यासक या रोगाकडे वळले, हे स्वाभाविक आहे.

बीजभागाचा हिशेब

सूक्ष्म-आरएनए ही सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांची तोकडी साखळी असते. संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनात रूपांतर न होणाऱ्या भागाला ती चिकटते आणि त्या संदेशापासून होणारी प्रथिननिर्मिती घटविते. चिकटण्यासाठी संपूर्ण साखळी जुळण्याची गरज नसते. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे, ज्यांना ‘बीज’ म्हणतात, तेवढी जुळली तरी बहुधा भागते. २००३ पासून टार्गेटस्कॅन, मिरांडा आणि पुढे पिकटार यांसारख्या प्रणाली तयार झाल्या, त्या प्रामुख्याने याच बीजाच्या शोधावर आधारलेल्या आहेत.

येथे एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. चार अक्षरांच्या लिपीत सात अक्षरांचे १६,३८४ वेगवेगळे शब्द होतात. मानवाच्या सुमारे २०,००० जनुकांपैकी प्रत्येकाचा हा शेवटचा भाग सरासरी १,००० अक्षरांचा धरला, तर एकूण मजकूर दोन कोटी अक्षरांचा होतो. अशा मजकुरात कोणताही एक सात-अक्षरी शब्द केवळ योगायोगाने सुमारे १,२०० ठिकाणी सापडेल. सहाच अक्षरांची जुळणी पुरेशी मानली, तर ही संख्या ४,९०० च्या घरात जाते. म्हणजे प्रणालीने एखाद्या सूक्ष्म-आरएनएची शेकडो लक्ष्ये दाखविली यात आश्चर्य काहीच नाही; दाखविली नसती तरच आश्चर्य वाटले असते.

या योगायोगाला आळा घालण्यासाठी उत्क्रांतीची चाळणी वापरली जाते. मानव, उंदीर, कुत्रा अशा अनेक प्राण्यांत तीच जुळणी टिकून असेल, तर ती अर्थपूर्ण मानावी, असे हे तत्त्व आहे. ते योग्यच आहे आणि त्याच आधारे २००९ मध्ये मानवाच्या ६० टक्क्यांहून अधिक जनुकांवर सूक्ष्म-आरएनएचे नियमन असावे, असा अंदाज मांडण्यात आला. परंतु सिकलसेलच्या अभ्यासकाने ही चाळणी डोळे झाकून वापरू नये. या रोगाची तीव्रता कमी करणारा सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते घटते आणि प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. ज्या रुग्णात ते थोडेफार टिकून राहते, त्याला रोग सुसह्य होतो. उंदराला मात्र मानवासारखे स्वतंत्र गर्भीय हिमोग्लोबिनच नसते. जे नियमन उत्क्रांतीत अलीकडे आले, त्याची लक्ष्ये उंदरापर्यंत ताणलेल्या चाळणीतून नेमकी गळून पडू शकतात. ‘संवर्धित लक्ष्ये’ एवढाच पर्याय निवडून यादी छापणाऱ्या लेखांत हा विचार सहसा आढळत नाही.

लक्ष्य खरे निघाले तरी परिणाम किती, हा निराळा प्रश्न होय. २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हजारो प्रथिनांचे एकाच वेळी मोजमाप केले. एका सूक्ष्म-आरएनएमुळे शेकडो प्रथिनांचे प्रमाण बदलते, पण बहुतेकांत ते निम्म्यावरही येत नाही, असे त्यांना दिसून आले. सूक्ष्म-आरएनए हे दिव्याचे बटण नसून पंख्याचा रेग्युलेटर आहे, आणि तोही फार थोडा फिरणारा.

ज्या सूक्ष्म-आरएनएंच्या याद्या वापरल्या जातात त्यांचीही तपासणी आवश्यक ठरते. मिरबेस या कोशाच्या २०१८ मधील बाविसाव्या आवृत्तीत मानवाच्या २,६५४ परिपक्व सूक्ष्म-आरएनएंची नोंद आहे. तत्पूर्वी २०१५ मध्ये बास्तियान फ्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कोशातील १,८८१ मानवी नोंदी कठोर निकषांवर पडताळल्या, तेव्हा त्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी नोंदी भक्कम पुराव्यावर टिकल्या. कोशातच शंकास्पद नोंदी असतील तर त्यांच्या लक्ष्यांचे भाकीत कितीही काटेकोर असले तरी ते वाळूवर उभे राहते.

भाकिताची सिद्धता : एक भारतीय उदाहरण

संगणकीय भाकीत निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. २००५ मध्ये दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेतील मनोज हरिहरन, विनोद स्कारिया, बीना पिल्लई व समीर ब्रह्मचारी यांनी मानवी सूक्ष्म-आरएनए एचआयव्ही विषाणूच्या जनुकांना चिकटू शकतील काय, याचा संगणकीय शोध घेतला. एकाच प्रणालीवर विसंबून न राहता अनेक प्रणालींचे एकमत जेथे होईल तेवढीच लक्ष्ये त्यांनी स्वीकारली. निष्कर्षांत हजारो नव्हे, तर अवघे पाच सूक्ष्म-आरएनए उरले. त्यांपैकी मिर-२९ए व मिर-२९बी हे विषाणूच्या नेफ या जनुकाला लक्ष्य करतील, असे भाकीत होते. २००८ मध्ये याच संस्थेशी संबंधित गटाने प्रयोगशाळेतील पेशींत मिर-२९ए मुळे नेफ प्रथिन व विषाणूची वाढ खरोखर घटते, हे दाखविले. या उदाहरणाचे मोल भाकीत अचूक ठरण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक ते भाकीत खोटे ठरू शकेल इतके नेमके असण्यात आहे. चारशे जनुकांची यादी कधीच खोटी ठरत नाही. कोणते ना कोणते जनुक कुठे ना कुठे जुळतेच.

सिकलसेलमधील अभ्यास

सिकलसेलबाबत उत्तम मानले गेलेले काही अभ्यास या कसोटीवर पाहता येतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये तांबड्या पेशींतील सूक्ष्म-आरएनएंचे मापन प्रसिद्ध केले. केंद्रक नसलेल्या या पेशींतही सूक्ष्म-आरएनए विपुल असतात, हीच मुळात नवी माहिती होती. २०१० मध्ये याच गटातील कॅरोलिन सांगोकोया व सहकाऱ्यांनी अधिक तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णांत मिर-१४४ वाढलेला असतो आणि तो एनआरएफ२ या जनुकाला रोखून पेशीची ऑक्सिडीकरणाचा ताण सोसण्याची क्षमता घटवितो, असे मांडले. लक्ष्याचे भाकीत, पेशींतील प्रयोग आणि रुग्णांचे रक्त या तिन्ही पायऱ्या येथे आहेत, म्हणून हा अभ्यास आदर्शवत मानावा लागतो.

तरीही एक शंका उरते. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर फुटतात. त्यामुळे अस्थिमज्जेतून कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, मोठ्या प्रमाणात रक्तात येतात. मिर-१४४ हा तर तांबड्या पेशींच्या घडणीतील प्रमुख सूक्ष्म-आरएनएंपैकी एक. मग त्याचे वाढलेले प्रमाण नियमनातील बदल दर्शविते की रक्तातील कोवळ्या पेशींचे प्रमाण? ही शंका केवळ या अभ्यासापुरती नाही. रक्तरसातील सूक्ष्म-आरएनएंवरून कर्करोग ओळखण्याचा दावा करणाऱ्या अनेक शोधनिबंधांतील ‘खुणा’ प्रत्यक्षात रक्तपेशींतूनच आलेल्या असतात, असे २०१२ मध्ये कॉलिन प्रिचर्ड व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणूनच ज्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या असतील तो नमुना बाद करावा, असा दंडक रूढ झाला. सिकलसेलच्या बाबतीत हा दंडक लागू कसा करावयाचा? येथे पेशी फुटणे ही नमुना घेतानाची चूक नसून तोच रोग आहे. जगभर उपलब्ध असलेल्या प्रणालींत या पेचाचे उत्तर तयार मिळत नाही. ते रुग्णाच्या नोंदीतून शोधावे लागते.

दुसरा अभ्यास २०११ चा, विजय शंकरन व सहकाऱ्यांचा. तेरावे गुणसूत्र तीन प्रतींत घेऊन जन्मणाऱ्या बालकांत गर्भीय हिमोग्लोबिन दीर्घकाळ टिकते, हे निरीक्षण वैद्यकात जुनेच होते. ज्यांच्यात या गुणसूत्राचा केवळ काही भाग तिप्पट होता, अशा रुग्णांच्या नोंदी एकत्र करून अभ्यासकांनी कारण ज्या प्रदेशात असू शकेल तो प्रदेश अरुंद केला आणि तेथे मिर-१५ए व मिर-१६-१ हे संशयित ठरविले. हे दोन्ही एमवायबी या जनुकाला रोखतात आणि त्यामुळे गर्भीय हिमोग्लोबिन वाढते, हे पुढे प्रयोगाने दिसले. येथे संगणकाने शोध लावला नाही. दशकानुदशके डॉक्टरांनी लिहून ठेवलेल्या नोंदींना अर्थ देण्यास तो उपयोगी पडला. या विषयातील एवढे सुंदर तर्कशास्त्र फार थोड्या निबंधांत पाहावयास मिळते.

तिसरे उदाहरण अधिक बोधक आहे. लिन२८बी हे प्रथिन लेट-७ सूक्ष्म-आरएनएला दाबते. २०१३ मध्ये अमेरिकेतील गटाने प्रौढ पेशींत लिन२८बी वाढविल्यास गर्भीय हिमोग्लोबिन वाढते, असे दाखविले. लेट-७ कमी झाले, म्हणून पुढील जनुके मोकळी झाली, हे स्पष्टीकरण सोयीचे होते आणि ते अनेक ठिकाणी गृहीत धरले गेले. २०२० मध्ये शंकरन यांच्याच गटाने दाखविले, की लिन२८बी हे बीसीएल११ए या जनुकाच्या संदेशाला थेट चिकटून त्याचे प्रथिन बनू देत नाही. या मार्गाला लेट-७ ची गरज नाही. बीसीएल११ए हे गर्भीय हिमोग्लोबिन बंद करणारे प्रमुख जनुक असल्याचे २००८ पासून ज्ञात होतेच. लेट-७ ची भूमिका यामुळे शून्य ठरत नाही, परंतु जे नियमन सूक्ष्म-आरएनएच्या खात्यावर मांडले जात होते, त्याचा मोठा हिस्सा दुसऱ्याच खात्यावर गेला. संगणकाच्या जाळ्यात लिन२८बी, लेट-७ व बीसीएल११ए यांना जोडणारी रेष आजही सुबक दिसेल; ती कोणत्या क्रियेची रेष आहे, हे जाळे सांगत नाही.

महाविद्यालयीन लेखनाचा साचा

प्रादेशिक नियतकालिके व परिषदांच्या इतिवृत्तांत सूक्ष्म-आरएनएवरील जे संगणकीय लेख येतात, त्यांचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. रोगाचे नाव घ्यावे, कोशातून सूक्ष्म-आरएनए उतरवून घ्यावेत, टार्गेटस्कॅनमधून लक्ष्ये काढावीत, त्या लक्ष्यांचे जैविक मार्ग शोधावेत, रंगीत जाळे छापावे आणि ‘हे सूक्ष्म-आरएनए भविष्यात उपचारासाठी उपयुक्त ठरू शकतात’ असे शेवटचे वाक्य लिहावे. जैविक मार्गांत ‘कर्करोगाचे मार्ग’ हमखास वर येतात, मग मूळ रोग मधुमेह असो वा सिकलसेल. याचे कारण २०१५ मध्ये ब्लिझर्ड, लॅम्ब व ग्रिफिथ्स-जोन्स यांनी स्पष्ट केले : सूक्ष्म-आरएनएंची लक्ष्ये मुळातच विशिष्ट प्रकारच्या जनुकांत दाटलेली असल्यामुळे यदृच्छया निवडलेले सूक्ष्म-आरएनएही तेच मार्ग दाखवितात. म्हणजे जो निष्कर्ष म्हणून छापला जातो, तो पद्धतीचाच पडसाद असतो.

संख्याशास्त्रीय ढिलाई हा याच साच्याचा भाग होय. २,६५४ सूक्ष्म-आरएनएंची रुग्ण व निरोगी यांच्यात तुलना केली आणि पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर कोणताही फरक नसताना सुमारे १३३ सूक्ष्म-आरएनए ‘लक्षणीय’ ठरतील. यासाठी बेंजामिनी व होचबर्ग यांची दुरुस्ती १९९५ पासून उपलब्ध आहे, ती वापरण्यास पैसाही लागत नाही.

या साच्याचा सर्व दोष प्राध्यापकांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका या गावात किंवा वाशिम जिल्ह्यातील कोणत्याही लहान गावात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी करणे शक्य नसते; टार्गेटस्कॅन, मिरबेस आणि जनुकविदांचे मुक्त साठे मात्र तेथील संगणकावरही विनाशुल्क उघडतात. २०१० च्या यूजीसी नियमावलीने शोधनिबंधांना गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हा ज्याला प्रयोगशाळा नको असा अभ्यास लोकप्रिय होणे ओघानेच आले. उपलब्ध साधनांत काम करणे हा दोष नव्हे. साधनांची मर्यादा निष्कर्षात न लिहिणे हा दोष आहे.

नमुना कोणाचा?

खरी अडचण याहून खोल आहे. संगणकीय अभ्यासासाठी जे साठे मुक्तपणे मिळतात, त्यांतील सिकलसेलचे नमुने बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचे आहेत. तेथे सिकल जनुक बेनिन, बांटू, सेनेगल इत्यादी पार्श्वभूमींवर आढळते. भारतात ते मुख्यतः अरब-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निराळ्या पार्श्वभूमीवर आढळते आणि तिच्यासोबत गर्भीय हिमोग्लोबिन सामान्यतः अधिक असते. भारतातही एकसारखेपणा नाही. दक्षिण गुजरातेतील आदिवासी रुग्णांत, जेथे अल्फा-थॅलेसेमियाही वारंवार आढळतो, रोग तुलनेने सौम्य असतो. नागपूर परिसरातील रुग्णांत तो अधिक तीव्र असल्याच्या नोंदी आहेत. अरब-भारतीय पार्श्वभूमी एकच, तरीही तीव्रता भिन्न! गर्भीय हिमोग्लोबिनच्या नियमनाचा अभ्यास करण्यास याहून उचित भूमी शोधूनही सापडणार नाही. आणि नेमक्या याच भूमीतील अभ्यासक परदेशी नमुन्यांवरून याद्या काढीत आहेत.

विदर्भात या रोगाची नोंद नवी नाही. नागपूरहून शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे टिपण १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. चंद्रपूर येथे आयसीएमआरच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचे हिमोग्लोबिन-विकारांसाठीचे केंद्र आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीव्र आजारी बालकांना हायड्रॉक्सियुरियाची दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी, ठरीव मात्रा देऊनही गर्भीय हिमोग्लोबिन वाढले व वेदनांचे झटके घटले. पाश्चात्त्य प्रथेप्रमाणे मात्रा सोसवेल तिथवर वाढवीत नेण्याची व वरचेवर रक्ततपासणीची गरज यामुळे कमी होते. हा निष्कर्ष येथील रुग्णांवरून निघाला, म्हणून येथील दवाखान्यांना उपयोगी पडला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीतून ‘रुग्ण’ किंवा ‘वाहक’ एवढे कळते. कोणता रुग्ण तीव्र होईल हे कळत नाही. सूक्ष्म-आरएनएच्या अभ्यासाला काही करून दाखवावयाचे असेल, तर ते येथे.

उपचाराच्या आश्वासनाविषयीही बोलणे प्राप्त आहे, कारण ते वाचून रुग्णाच्या घरी आशा निर्माण होते. मिर-३४ए ची कृत्रिम प्रत कर्करोगावर औषध म्हणून देण्याची चाचणी रुग्णांत गंभीर प्रतिकूल परिणाम दिसल्याने २०१६ मध्ये थांबवावी लागली. सिकलसेलमध्ये सूक्ष्म-आरएनएच्या ज्ञानाचा खरा उपयोग वेगळ्याच वाटेने झाला. बोस्टनमधील गटाने बीसीएल११ए ला गप्प करणारा आरएनएचा तुकडा सूक्ष्म-आरएनएच्या सांगाड्यात बसवून तो रुग्णाच्या मूळपेशींत विषाणूवाहकाद्वारे घातला आणि २०२१ मध्ये सहा रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. लक्ष्य कोणते याबद्दल तेथे कोणतेही भाकीत शिल्लक नव्हते. ते जनुकशास्त्राने आधीच पक्के केले होते. हा उपचार अजून प्रायोगिक आहे आणि त्यासाठी तीव्र केमोथेरपी व दीर्घ रुग्णालयवास लागतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी आजच उपलब्ध आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचाही समावेश आहे. जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांत संगणक आणि संख्याशास्त्र शिकविणारे अध्यापक आहेत, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रूपाने रक्त व नोंदी जमविता येतील अशी जागाही आता जिल्ह्यातच आहे. आचारसमितीच्या मान्यतेने व रुग्णाच्या संमतीने जमविलेले पन्नास नमुने परदेशी साठ्यातील पाचशे नमुन्यांहून येथील प्रश्नाला अधिक उपयोगी पडतील. अट एवढीच, की प्रत्येक नमुन्यासोबत रेटिक्युलोसाइटचे प्रमाण, गर्भीय हिमोग्लोबिन, अल्फा-थॅलेसेमियाची तपासणी, वर्षभरात आलेले वेदनांचे झटके आणि हायड्रॉक्सियुरियाची मात्रा यांची नोंद हवी. हे औषध सुरू झाल्यावर काही सूक्ष्म-आरएनएंचे प्रमाण बदलत असल्याचे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलेले आहे. शेवटचे रक्त कोणत्या तारखेस चढविले, हेही लिहिणे तितकेच आवश्यक. रक्त चढविल्यानंतर अनेक आठवडे रुग्णाच्या शिरांतून दात्याच्या तांबड्या पेशी फिरत असतात आणि तारीख नोंदविली नसेल, तर संगणकापुढे येणारे सूक्ष्म-आरएनए त्या रुग्णाचे की कोणा अनोळखी दात्याचे, हे कोणतीही प्रणाली सांगू शकत नाही.